चुंबकाचा बंब

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात ‘आधार साउंड’ नावाचे एक लहानसे दुकान होते. बापाचे नाव आधार, म्हणून दुकानाचेही तेच. लग्न असो, सभा असो की गणपती, भोंगे लागले की लोक बन्सीलालकडे येत. त्याच्या दुकानातले लोखंडी कपाट अंगावर फोड उठल्यासारखे दिसे. जळालेल्या स्पीकरमधून काढलेली लोहचुंबके तो त्या कपाटावर चिकटवून ठेवी. जाड, काळ्या, मध्ये भोक असलेल्या त्या चकत्या. स्पीकरचा कागद फाटतो, तार जळते, पण चुंबक काही मरत नाही. जे मेलेले नाही ते फेकायचे कसे, असे तो म्हणे.

गल्लीत त्याला मागून ‘काबरं’ म्हणत, कारण ‘का बरं?’ विचारल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. एकदा एका वरातीत नवरदेव रुसून घोड्यावरून उतरेना. सगळी मंडळी त्याची मनधरणी करत होती, आणि बन्सीलाल घोडेवाल्याला बाजूला घेऊन विचारत होता, घोडा उभ्या उभ्या झोपतो तर पडत कसा नाही? घोडेवाल्याला उत्तर देता आले नाही. बन्सीलालने पुढे जनावरांच्या डॉक्टरला गाठून ते मिळवलेच, आणि मग घोडेवाल्याला शोधून सांगूनही आला.

त्या काळी, म्हणजे नव्वदच्या आसपास, पिंप्राळ्याच्या नव्या वस्त्यांत बोअरचे पाणी असे. दिसायला नितळ, चवीला मचूळ. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि तापवले की भांड्याला पांढरा थर धरे. सर्वांत जास्त खराबी व्हायची ती न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाची. आतल्या नळकांड्याभोवती क्षाराची दगडासारखी साल चढे, तोटी बुजे, पाणी तापायला दुप्पट लाकूड लागे. मग कासाराला बोलवायचे. तो ठोकून ठोकून साल काढी, आणि जाताना सांगून जाई की अजून दोन-चार वेळा ठोकला तर बंबाचा तळ हातात येईल.

बन्सीलालचा एक जिवाभावाचा मित्र होता, रावेरचा अभिमन. ओळख झाली ती अभिमनच्याच लग्नात. ऐन मंगलाष्टकात भोंगा मुका झाला होता. बन्सीलाल तोंडात तार धरून मांडवाच्या खांबावर चढला, तेव्हा अंतरपाटाआडून नवरदेव ओरडला, “आरामात कर रे भाऊ, मले काही घाई नाही!” सगळा मांडव हसला. तेव्हापासून दोघे एकमेकांचे झाले. अभिमनची केळीची बाग होती आणि त्याने नुकतेच ठिबक बसवले होते. नळ्यांतून थेंब थेंब पाणी खोडाशी पडे. पण त्याच्या विहिरीच्या पाण्यातही क्षार होता. थेंब पडायची भोके सुईच्या अग्राएवढी, ती बुजत. ती मोकळी ठेवायची तर अधूनमधून नळ्यांत ॲसिड सोडावे लागे.

दिवाळीनंतर जळगावात शेतीचे प्रदर्शन भरले. दोघे मिळून पाहायला गेले. एका मांडवात टाय लावलेला एक तरुण निळ्या रंगाची पेटी दाखवत होता. ती पाइपावर बसवायची, की पाइपात क्षार धरणार नाही.

“आत काय आहे?” बन्सीलालने विचारले.

“पॉवरफुल लोहचुंबक आहे, काका. चुंबकातून पाणी गेलं की क्षार चिकटायचं विसरतो.”

“विसरतो? मग पुढे गेल्यावर त्याला परत आठवत नाही का?”

तरुणाने जरा इकडेतिकडे पाहिले. “ते कंपनीला माहीत.”

मांडवाबाहेर आल्यावर अभिमनने त्याचा हात धरला. “बन्सी, घेऊ का रे? ॲसिडचा मले लय कंटाया आला. मागच्या खेपेला पायावर उडालं, हे पाह्य, डाग अजून गेला नाही. सुंदरबाई तर म्हनते, तुम्ही बागेत गेले की माह्या जिवाला घोर.”

“थांब. ह्या पेटीत जे आहे ते माझ्या कपाटावर पडलंय. मी आधी घरी करून पाहतो.”

“तू पाह्यशील ना? मंग झालं. तो टायवाला काय म्हनतो त्याच्याशी मले घेनं नाही. तू म्हटलं की मी ॲसिड बंद करतो.”

“मी सांगेपर्यंत बंद करू नको,” बन्सीलाल गंभीर होऊन म्हणाला. “उन्हाळ्यात ठिबक बुजलं तर बाग उभी वाळेल तुझी.”

“म्हनून तर तुले विचारतो.”

त्या एका वाक्याचे ओझे घेऊन बन्सीलाल घरी आला.

त्याच्या घराला लागून द्रौपदाबाईंचे घर होते. बोअर एक, गच्चीवरची टाकी एक. टाकीतून दोन काळे पाइप उतरत. एक बन्सीलालच्या न्हाणीतल्या बंबावर, दुसरा द्रौपदाबाईंच्या. पाणी तेच, बंबही साधारण एकाच वयाचे. असा योग शोधूनही सापडला नसता. दोन्ही बंब त्याने कासाराकडून सारखे स्वच्छ करून घेतले. मग कपाटावरची चुंबके उतरवली आणि शिडीवर चढून आपल्या पाइपाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट आवळली. द्रौपदाबाईंचा पाइप तसाच ठेवला.

द्रौपदाबाई वयाने मोठ्या, तोंडाने फटकळ. कंबरेवर हात ठेवून त्या खालून बघत होत्या. “बन्सीभाऊ, आता तुमच्या बंबातून गाणी ऐकू येतील का हो?”

“येतील ना अक्का. तुमची फर्माईश सांगून ठेवा.”

“आंघोळीच्या वेळी भजन लावा. निदान अंगावर पाणी घेताना देवाचं नाव तरी येईल तुमच्या तोंडी.”

बन्सीलालने दोन्ही घरांना बजावले, “होळीपर्यंत बंबाला कासाराचा हात लागता कामा नये. ठोकायचं नाही, खरवडायचं नाही. जसं धरेल तसं धरू द्यायचं.” लिलाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, मान डोलावली. ती नरडाण्याकडची. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी घरात तिच्या तोंडी अहिराणीच असे. नवऱ्याचे असले उद्योग तिला नवे नव्हते. मागे एकदा त्याने पंख्याचा वेग मोजायचा म्हणून त्याच्या पात्याला तिची नवी रिबीन बांधली होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. ‘चुंबकाचा बंब’ बघायला लोक येऊ लागले. स्टेशनजवळचा हॉटेलवाला रतिलाल आला, कारण त्याच्या चहाच्या पातेल्याला थर धरे. एका दवाखान्यातली नर्स आली. लग्नाची सुपारी द्यायला आलेला माणूसही आधी न्हाणीत डोकावून जाई. लोक बंबाचे झाकण उचलत, आत हात घालत, बोटे चोळून बघत. लिलाबाई सगळ्यांना चहा देई. बन्सीलाल प्रत्येकाला सांगे, “आत्ताच काही म्हणू नका. होळीला पाहू.”

थंडी सरली. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली जमली. बन्सीलालने दाढीचा आरसा आणि बॅटरी घेतली. आधी द्रौपदाबाईंचा बंब. आत पांढऱ्या, खडबडीत सालीशिवाय काही दिसत नव्हते. तोटी तर निम्मी बुजलेली. मग सगळी माणसे बन्सीलालच्या न्हाणीकडे वळली. त्याने झाकण उचलले, बॅटरी मारली, आणि त्याचा हात थबकला. आत तांबे लालसर चमकत होते. कुठे एखादा पुसट डाग, बस.

“हरले बाई मी,” द्रौपदाबाई कानाला हात लावून म्हणाल्या. “उद्याच माझ्याही पाइपला बांधा.”

त्या गलक्यात बन्सीलालची नजर आपल्या पाइपाच्या तोंडाकडे गेली. जिथून पाणी बंबात पडायचे तिथे पाइपाच्या कडेला आतून पांढरे कडे धरले होते. त्याने बोट लावून पाहिले. कडक होते. बंबात नाही आणि पाइपात आहे, असे का बरं? प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला होता. पण तेवढ्यात रतिलालने मोठा पेढा त्याच्या तोंडात कोंबला, आणि जन्मात पहिल्यांदा बन्सीलालचा प्रश्न पेढ्याबरोबर गिळला गेला.

त्याच आठवड्यात केळी उतरवून रावेरला रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमधून त्याने चुंबकांचे पोते धाडले. सोबत ड्रायव्हरच्या तोंडी निरोप: बंब साफ निघाला, नळ्यांना बांध, ॲसिड थांबव.

मग ऊन चढले. लग्नसराई सुरू झाली आणि बन्सीलाल भोंगे घेऊन गावोगाव फिरू लागला. जाईल तिथे बंबाची गोष्ट सांगू लागला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. मंदा, बन्सीलालची मुलगी, दोन दिवसांत येणार होती. लिलाबाईने सगळे घर अंगणात काढले. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून तिने उन्हात मांडली होती, त्यांच्याकडे बघवत नव्हते इतकी लखलखत होती. बन्सीलाल ओट्यावर बसून माइकची तार जोडत होता. लिलाबाईने चिंचेच्या चोथ्याची बादली उचलली, न्हाणीत गेली, आणि पाणी ओतल्याचा आवाज आला. मग फसफस असा बारीक आवाज येत राहिला.

आवाजाच्या बाबतीत बन्सीलालचा कान तिखट. तो उठून आत गेला. लिलाबाई बंबाचे झाकण लावत होती.

“काय ओतलंस त्यात?”

“चिचनं पानी. उरेल व्हतं.”

“बंबात? का बरं?”

“का बरं म्हंजे?” तिला प्रश्नच कळला नाही. “लोके देखाले येतस. झाकण उघाडतस, हात घालतस. मंग काय त्यास्ले काया बंब दखाडू?”

“आजच ओतलंस ना?”

“आज कसं? भांडा घासस तवय टाकस. आठोडाना आठोडा. रातभर ऱ्हावू देस, सकाये सोडी देस.”

बन्सीलाल न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला. “अगं, मी सांगितलं होतं ना, बंबाला हात लावायचा नाही.”

“तुम्ही कासारना हात सांगा व्हता. मी काय ठोकं? मी काय खरवडं?” ती दुखावल्या आवाजात म्हणाली. “पाव्हणासमोर बठ्ठं घर लख्ख आनि तुम्हना बंब तेवढा मळेल, असं चालतं का?”

कासाराला त्याने मनाई केली होती, चिंचेला नाही. चिंच लावणे म्हणजे काही करणे, असे त्या घरात कोणी धरतच नव्हते. ते झाडण्यासारखे, सारवण्यासारखे. आणि द्रौपदाबाईंचा बंब बघायला कोणी जात नव्हते, म्हणून तो बिचारा तसाच राहिला होता. पाइपाच्या तोंडाशी धरलेले ते पांढरे कडे बन्सीलालच्या डोळ्यांसमोर आले. पाइपात चिंच गेली नव्हती.

मग त्याला अभिमन आठवला, आणि तो उंबऱ्यावरून ताडकन उठला.

“मी रावेरला जातो.”

“आत्ते? मंदा येवावर शे!”

“त्याने ॲसिड बंद केलंय. माझ्या सांगण्यावरून.”

लिलाबाईने हातातली बादली खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले. “मन्हं चुकनं का?”

“नाही. विचारायचं काम माझं होतं, मीच विचारलं नाही. सगळ्या गावाला विचारतो आणि घरात विचारलं नाही.”

ती आत गेली. उरलेला चिंचेचा गोळा फडक्यात बांधून तिने त्याच्या पिशवीत टाकला. “ऱ्हावू द्या. लागना तर लागना.” ती चेष्टेने म्हणत होती की खरेच, ते त्याला विचारायला वेळ नव्हता.

एसटीत खिडकीतून गरम वारा येत होता. भुसावळ गेले, पुढे दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू झाल्या. हिरवी, ताठ पाने बघितली की त्याला धीर येई, आणि एखादे पान कडेने पिवळे दिसले की तो खिडकीतून मान काढून मागे पाहत राही. अभिमनला काय सांगायचे, हे तो जुळवत होता. प्रत्येक वेळी वाक्य लिलाबाईपाशी सुरू होई आणि त्याला ते आवडत नसे. शेवटी त्याने ठरवले, सुरुवात पेढ्यापासून करायची.

अभिमन बागेच्या बांधावर उभा होता. मित्राला पाहून त्याचा चेहरा उजळला, पण नेहमीइतका नाही. “बरा आला तू. मी येनारच होतो तुह्याकडे. चल, पाह्य.”

बाग निसवायला, म्हणजे घड टाकायला आलेली. पुढच्या ओळी ठीक होत्या. पण मागच्या ओळींत पाने मधल्या शिरेपाशी मिटून खाली लोंबत होती. बन्सीलाल गुडघ्यावर बसला. नळीला भोक होते, भोकाभोवती पांढरा ठिपका होता, आणि खालची माती कोरडी होती.

“चुंबकं तर सगळी बांधली,” अभिमन म्हणाला. “आता तुले वाटत असेल मी नीट बांधली नाही.”

“तू नीटच बांधली असशील. चूक माझी आहे.” आणि बन्सीलालने उभ्या उभ्या सगळे सांगितले. पाइपाच्या तोंडाचे कडे, पेढा, चिंच, सगळे. काही वगळले नाही.

अभिमन खाली बसून एका खोडाशी हाताने माती उकरू लागला. खाली ओल लागते का बघत होता. बराच वेळ बघत होता. बन्सीलालला वाटले, ह्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

“ॲसिड आहे घरी?” बन्सीलालने विचारले.

“आहे.”

“चल मग. तू लांब उभा राहा, मी ओततो.”

“गप रे. तुले काय समजते त्यातलं. भोंगा आहे का तो?”

दोघांनी मिळून काम सुरू केले. नळ्यांची टोके सोडली, आतला पांढरा गाळ वाहू दिला, मग मोजून ॲसिड सोडले. सुंदरबाई घागर घेऊन आली आणि सावलीत बसून दोघांच्या पायांवर नजर ठेवू लागली. एका ओळीचे टोक बांधायला बन्सीलाल वाकला, तेव्हा खांद्याच्या पिशवीतून फडक्याची पुरचुंडी खाली पडली. अभिमनने ती उचलून सोडली.

“हे काय आहे?”

“चिंच,” बन्सीलाल खाली मान घालून म्हणाला. “लिलाने दिली. लागली तर लागली म्हणून.”

अभिमनने एकदा त्या गोळ्याकडे पाहिले, एकदा समोर पसरलेल्या बागेकडे. आधी त्याच्या मिशा हलल्या, मग खांदे, आणि मग तो बांधावर बसून पोट धरून हसायला लागला. “सुंदरे, ऐकलं का! वहिनीनं आपल्या बागेले चिचेचा गोया धाडला! एवढ्यानं एक तरी भोक मोकयं होईल का!” सुंदरबाईही पदर तोंडाला लावून हसू लागली. बन्सीलाल हसला नाही. त्याच्या मनात आले होते की चिंचही आंबट, ॲसिडही आंबट, म्हणजे लिलाबाई घरी हेच तर करत होती. मग एका बागेला चिंच किती लागेल? त्याने तसे विचारले, तेव्हा अभिमनला हसू आवरेना.

सावकाश, एकेक करून, थेंब पडू लागले. मागच्या ओळींतली काही झाडे त्या उन्हाळ्यात गेलीच. काहींचे घड हलके निघाले. बाकी बाग तरली.

निघताना बन्सीलाल एका ओळीपाशी घुटमळला. “अभिमन, एक विचारू? रागावणार नाहीस ना?”

“विचार. न विचारून काय होते ते पाह्यलं आपन.”

“तू सगळ्याच नळ्यांना चुंबकं का बांधलीस रे? एक तरी मोकळी ठेवली असतीस, तर कळलं असतं ना, चुंबकाने काही होतं की नाही.”

अभिमनने कपाळावर हात मारला. पण मग त्याने बांधाकडच्या दोन ओळी दाखवल्या. “त्या दोन घे. विहिरीकडच्या, वायल्या तर हातानं पानी देता येईल. एकीले चुंबक, एकीले काही नाही. ॲसिड दोन्हीले नाही. आणि चिंच,” त्याने पुरचुंडी खिशात घातली, “आमटीत जाईल.”

पुढच्या आखाजीच्या आधी अभिमन पिंप्राळ्यात आला. त्याने लिलाबाईच्या हातचा चहा घेतला, बंबात डोकावून ‘वहिनी, चकाचक!’ म्हणून तिला चिडवले, आणि मग खिशातून काळ्या नळीचे दोन तुकडे काढून ओट्यावर ठेवले. दोन्ही उभे चिरलेले. त्यांच्यावर खूण कुठलीच नव्हती.

“एक तुह्या चुंबकाच्या ओयीतला. एक साधा. कोनता कोनता, ते मले ठाव आहे. ओळख बरं.”

द्रौपदाबाईही भिंतीवरून डोकावू लागल्या. बन्सीलालने तुकडे उन्हात धरले. आतली साल नखाने खरवडली, बोटांत चोळली, जिभेला लावून पाहिली. आरसा आणला, बॅटरी आणली. एकाचा थर जरा भुसभुशीत वाटला, म्हणून तो हरखला. मग दुसऱ्याचेही टोक तसेच भुसभुशीत निघाले. लिलाबाई हातातले काम टाकून उंबऱ्यात उभी होती. तिने नवऱ्याला इतका वेळ गप्प बसलेला कधी पाहिला नव्हता.

शेवटी त्याने दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले.

“नाही ओळखता येत,” तो म्हणाला.

“मंग सांगू?”

“नको. मला ओळखता येत नाही, म्हणजे कळलंच की.” त्याच्या चेहऱ्यावर हरल्याची खूण नव्हती. अवघड गाठ सुटल्यावर माणूस मोकळा होतो, तसा तो दिसत होता. त्या दुपारी शिडी लावून त्याने पाइपावरची चुंबके सोडली. एक लिलाबाईने मागून घेतले आणि सुया चिकटवून ठेवायला शिलाईच्या डब्यात टाकले. एक द्रौपदाबाईंनी विळीखाली ठेवले, कशाला ते त्यांनाच ठाऊक. बाकीची पुन्हा कपाटावर गेली.

अभिमन एसटीत बसेपर्यंत बन्सीलाल त्याच्याबरोबर चालत होता. गाडी सुरू झाली तशी तो खिडकीशी धावला.

“अभिमन! तुझ्या विहिरीच्या पाण्यावर नाही चाललं, हे ठरलं. पण तापीच्या पाण्यावर चालेल का रे? का बरं नाही चालणार?”

अभिमनने खिडकीतून हात जोडले, आणि मग कोणी बघत नाही ना हे पाहून, हळूच होकारार्थी मान हलवली.